एअर इनटेक घरच्या घरी: आधी पाण्याच्या नळीनं मोजा, मग हात घाला

एअर इनटेक म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारी वाट. तिच्यात मूळ बंद डब्याच्या जागी पहिला उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर बसवला तेव्हा दोन दिवस मी स्वतःच हवेत होतो. ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून 'घूंऽऽ' असा खोल आवाज यायचा, सोसायटीतली पोरं वळून बघायची. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलो. सुटल्यावर पुलाच्या चढाला गाडी अशी कुंथायला लागली, जणू मागे उसाची ट्रॉली जोडलीय. ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं उपकरण) लावून बघितलं. बाहेर ३४ अंश, इंजिनात शिरणारी हवा ६७ अंश. साडेपाच हजार रुपये मोजून मी इंजिनाला वाफारा द्यायची सोय केली होती.

तो फिल्टर सध्या माळ्यावर, दिवाळीच्या माळांशेजारी पडून आहे. नंतर मी जे काही केलं ते स्वस्त होतं, सावकाश होतं आणि प्रत्येक वेळी मोजून केलेलं होतं. नवख्या माणसानं त्याच क्रमानं जावं म्हणून हे लिहितोय.

इथली उदाहरणं १.२ लिटरच्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल हॅचबॅकची आहेत. आपल्याकडच्या पार्किंगमध्ये अशाच गाड्या जास्त. स्विफ्ट घ्या नाहीतर ग्रँड आय१० घ्या, इंजिन ११९७ सी.सी.चं, कारण पेट्रोल इंजिन १२०० सी.सी.च्या आत आणि गाडी चार मीटरच्या आत बसली की कर कमी लागतो. टर्बो पेट्रोल असेल तर डब्यातला फिल्टर वेळेवर बदलण्यापलीकडे जाऊ नका. फिल्टर चुकवून गेलेला कण तिथे भन्नाट वेगानं फिरणाऱ्या नाजूक पात्यांवर आदळतो. बीएस-६ डिझेलला हातच लावू नका. आणि इनटेकच्या पाइपातच मिक्सर बसवलेला जुन्या पद्धतीचा सीएनजी किट असेल तर हा लेख नुसता वाचा. त्या किटमध्ये बॅकफायर झाला की फिल्टरचा डबा फाटतो, आणि आत तेल लावलेला फिल्टर असला तर तो पेटूही शकतो.

हवेची वाट

बॉनेट उघडा. ग्रिलच्या मागे किंवा हेडलाइटजवळ एक काळं चपटं तोंड दिसेल. तिथून प्लॅस्टिकची नळी फिल्टरच्या डब्यात जाते. डब्याचा एक भाग धुळीचा, मधे फिल्टर, पलीकडचा भाग स्वच्छ. स्वच्छ बाजूनं घड्यांचा रबरी होज निघतो आणि थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडझाप होणाऱ्या हवेच्या झडपेवर, बसतो. वाटेत कुठेतरी बिनकामाचा वाटणारा एक पोकळ डबा चिकटलेला असतो. तो रेझोनेटर. हौशी लोक पहिला घाव त्याच्यावर घालतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की सूर निघतो, त्याच तत्त्वावर तो हवेतला एक ठरावीक सूर गिळत असतो. बाजूला चिकटलेल्या अशा डब्यातून हवा आरपार वाहतच नाही, त्यामुळे तो काढून वाट मोकळी होत नाही, फक्त गोंगाट वाढतो. राहू द्या.

आता वायर लावलेला सेन्सर शोधा. डब्यानंतरच्या पाइपातच प्लग असेल तर बहुधा तो मास एअर फ्लो सेन्सर: आत एक तापलेली बारीक तार असते आणि ती किती थंड होते त्यावरून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हवेचं वस्तुमान काढतो. अशा गाडीत त्या पाइपाचा व्यास बदलायचा नाही, कारण सगळं गणित त्या व्यासावर बांधलेलं असतं. पाइपात असं काही नसून इनटेक मॅनिफोल्डवर (थ्रॉटलनंतर हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या भागावर) सेन्सर असेल तर तुमची गाडी दाब आणि तापमान मोजून हवा ठरवते. तिच्यात थोडी जास्त मोकळीक आहे.

किती हवा लागते? चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं. ६००० आरपीएमला ३००० वेळा, दर वेळी ११९७ सी.सी., आणि पोट ८५ टक्के भरतंय असं धरलं तर मिनिटाला सुमारे ३०५० लिटर. म्हणजे सेकंदाला ५० लिटर. पुढची नळी आतून ५० मिलीमीटर व्यासाची असेल तर तिच्यातली हवा ताशी ९० किलोमीटरच्या वेगानं धावत असते. व्यास ६० केला तर वेग ६५ च्या आत येतो, आणि घर्षणाचा फटका वेगाच्या वर्गानं घटत असल्यामुळे निम्म्यावर. मोठा पाइप का लावतात ते यात आलं.

पण हे ६००० ला आणि पाय पूर्ण दाबलेला असताना. रोजच्या चालवण्यात पाय एक-दोन बोटंच दाबलेला असतो. तेव्हा थ्रॉटलची पाकळीच वाट अडवून उभी असते. पुढे फिल्टर मोकळा आहे की जरा भरलेला, यानं फारसं काही बदलत नाही. म्हणूनच 'फिल्टर बदलून मायलेज वाढवा' हे दुकानातलं वाक्य सोडून द्या. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ साली हे तपासलं होतं: इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरनं इंधनाचा खर्च वाढला नाही, पिकअप मात्र पडला. मायलेजची समजूत कार्बोरेटरच्या जमान्यातली आहे, तेव्हा ती बरोबर होती.

कायद्याचं थोडक्यात

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेला तपशील मूळ बनावटीपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करू नये. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ नव्यानं लिहिलं गेलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्यामुळे मूळ डबा जागेवर ठेवायचा, सेन्सर आणि ब्रीदरची नळी (इंजिनाच्या आतली वाफ इनटेकमध्ये परत सोडणारी) जशीच्या तशी, आणि प्रत्येक गोष्ट तासाभरात पूर्ववत करता आली पाहिजे, एवढं बंधन मी स्वतःला घातलंय. काढलेला एकही मूळ भाग टाकू नका. वॉरंटी चालू असेल तर ती संपेपर्यंत फिल्टरपलीकडे जाऊच नका. काम झाल्यावर पीयूसी पुन्हा काढून बघा. तारीख उरली असली तरी.

सामान

दहाचा बॉक्स पाना, फुली स्क्रू ड्रायव्हर, ब्लूटूथचा ओबीडी रीडर, पांढरं सुती फडकं. आणि हार्डवेअरच्या दुकानातून तीन मीटर पारदर्शक लेव्हल नळी, गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतो ती. ६ मिलीमीटरची घ्या. सोबत पट्टी, एक फूटभर रुंदीची फळी आणि जिलेबीत घालतात तो केशरी खायचा रंग.

पायरी १: नुसतं उघडून बघा

इंजिन थंड असताना डब्याच्या क्लिपा काढा. स्क्रू असतील तर हलक्या हातानं. प्लॅस्टिकमधले आटे एकदा गेले की डबा कायमचा किलकिला राहतो. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा तळाशी गुलमोहराची पानं, दोन मेलेले नाकतोडे आणि कुरतडलेल्या फोमचा उंदराचा बिछाना निघाला. अख्ख्या 'मॉडिफिकेशन'मधला सगळ्यात गुणकारी भाग हाच असू शकतो, त्यामुळे तो उरकू नका. धुळीची बाजू व्हॅक्युम क्लीनरनं साफ करा. स्वच्छ बाजू आतून पांढऱ्या फडक्यानं पुसा. फडकं स्वच्छ निघालं पाहिजे. बारीक तपकिरी धूळ आली तर तुमचा फिल्टर नीट बसत नाहीये किंवा रबरी कड फाटलीय. मातीतली वाळू सिलिंडर आणि रिंगा घासते, आणि ते नुकसान परत भरून निघत नाही. हे आधी निस्तरा, बाकी सगळं नंतर.

टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं फिल्टर फुंकून घ्यायची सवय बऱ्याच जणांना असते. नको. त्या दाबानं कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. हलकेच आपटून पाचोळा पाडा, अंधारात आतून टॉर्च धरून उजेड कुठे टोचतोय का बघा, शंका आली तर नवा आणा. साध्या कागदी फिल्टरला काही शेकडा रुपये पडतात, इंजिनाच्या कामाला लागतात त्या रकमेपुढे हे काहीच नाही.

पायरी २: पाण्याचा काटा

हे माझं आवडतं काम, आणि बहुतेक जण हेच गाळतात.

लेव्हल नळीचा एक भाग 'यू' आकारात फळीवर चिकटवा, दोन्ही उभ्या बाजू अर्धा मीटर. मधे पट्टी. रंगीत पाणी निम्म्यापर्यंत भरा. एक टोक मोकळं, दुसरं डब्याकडे. डब्यातली हवा बाहेरच्यापेक्षा विरळ झाली की पाणी त्या बाजूला वर चढतं. दोन पातळ्यांतला फरक सेंटीमीटरमध्ये वाचायचा. समुद्रसपाटीला हवेचा दाब म्हणजे सुमारे १०.३ मीटर पाण्याचा स्तंभ, पुण्याच्या उंचीवर साधारण ९.७ मीटर. म्हणून १० सेंटीमीटर फरक म्हणजे ढोबळमानानं एक टक्का हवा कमी, आणि ताकदही तेवढीच कमी. एवढा सोपा हिशोब असताना लोक अंदाजानं पैसे का घालवतात कळत नाही.

डब्याला भोक पाडायचं जिवावर येत असेल (माझ्या आलं होतं) तर भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचा जुना डबा आणा. दोन भोकं, ४ मिलीमीटरची: एक धुळीच्या बाजूला, एक स्वच्छ बाजूला. ड्रिलनंतर आतली कड ब्लेडनं गुळगुळीत करा, कीस आत राहू देऊ नका. भोकात छोटी निपल एम-सीलनं बसवा आणि रात्रभर वाळू द्या. ज्या निपलला नळी नसेल तिला रबरी बूच. रबरी होजला भोक पाडू नका. तसंही पाइपात हवा धावत असल्यामुळे तिथला दाब वेगापायीच खाली दिसतो आणि वाचन फसवतं. डब्यातली हवा संथ असते, तिथले आकडे खरे.

एक खबरदारी न चुकता घ्या. फळी आणि डबा यांच्यामध्ये एक छोटी रिकामी बाटली जोडा, झाकणाला दोन भोकं: पाण्याची नळी एका भोकातून, हवेची दुसऱ्या, दोन्ही टोकं झाकणाच्या लगेच खाली. पाणी उसळलं तर बाटलीत पडेल, इंजिनात जाणार नाही. का, ते शेवटी पावसाच्या भागात येईल.

पायरी ३: चाचणी

दोन माणसं लागतात. नळी बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यातून काढून, काचेच्या कडेनं टेप लावत आत घ्या, बॉनेट दाबून बसवताना ती चेपली जात नाही ना बघा. बाजूला बसलेल्यानं फळी मांडीवर उभी धरायची आणि मोबाइलवर चित्रीकरण करायचं. चालवणाऱ्यानं फळीकडे बघायचं नाही, एकदाही नाही. मोकळा सरळ रस्ता, सकाळी सहाची वेळ, दुसरा गिअर, २५०० पासून ५८०० पर्यंत पाय पूर्ण दाबून. दुसऱ्या गिअरमध्ये वेग आवाक्यातच राहतो.

काचा बंद, ब्लोअर बंद. तरीही वेगामुळे केबिनमधला दाब थोडा हलतो. म्हणून त्याच वेगाला ॲक्सिलरेटर सोडून एक वाचन घ्या. तेव्हा इंजिन जवळजवळ हवा घेत नसतं, म्हणजे जे दिसेल ते वाऱ्याचं. ते आधीच्या आकड्याशी पडताळून वजा किंवा अधिक करा. तीन फेऱ्या, त्यांतला मधला आकडा. सगळ्या फेऱ्या एकाच रस्त्यावर. मुंबईत घेतलेला आकडा महाबळेश्वरात घेतलेल्याशी लावू नका, तिथे हवेचा दाबच सुमारे १५ टक्के कमी असतो.

माझे आकडे असे आले. धुळीच्या बाजूला ११ सेंटीमीटर, स्वच्छ बाजूला १७. म्हणजे पुढची नळी ११ खाते, दोन वर्षं वापरलेला कागदी फिल्टर फक्त ६. ज्या फिल्टरला मी गुन्हेगार ठरवलं होतं तो जेमतेम एक तृतीयांश दोषी निघाला. आणि दोघांनी मिळून खाल्लेली ताकद पावणेदोन टक्के. ८३ पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्ती) गाडीत दीड पीएस. आभाळ फाटेल एवढा मोकळा इनटेक लावला तरी या दोन भागांतून मिळण्यासारखं जास्तीत जास्त एवढंच होतं.

आता पहिल्या परिच्छेदातले ६७ अंश आठवा. ३४ ऐवजी ६७ अंशांची हवा म्हणजे तिची घनता जवळपास १० टक्के कमी. सगळीच्या सगळी १० टक्के ताकद जात नाही, पण तापलेल्या हवेत नॉकिंगचा (मिश्रण आपोआप भडकून ठोके बसण्याचा) धोका वाढतो म्हणून ईसीयू ठिणगीही उशिरा पाडतो, आणि तो फटका वेगळा. पावणेदोन टक्क्यांसाठी मी हे ओढवून घेतलं होतं. कंपन्या डबा बंद का ठेवतात आणि त्याचं तोंड रेडिएटरच्या पुढून का आणतात, ते मला त्या फळीनं आणि रीडरनं शिकवलं.

पायरी ४: फिल्टर

आधी कंपनीचा नवा कागदी फिल्टर लावून मोजा. माझा ६ वरून ३ वर आला. इथेच थांबलात तरी चालेल.

धुता येणारा कापडी हवा असेल तर मूळ डब्यात बसणारा सपाट पॅनेल घ्या, कोन नको. या प्रकारातलं जुनं नाव म्हणजे १९६९ साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला सुरू झालेली 'के अँड एन'. सुती जाळी, त्यावर तेल, धूळ तेलाला चिकटते. ट्रॅक्टरच्या जुन्या ऑइल बाथ क्लीनरमध्ये तेलाच्या वाटीवरून हवा फिरवायचे, तशीच युक्ती. गोम तेलाच्या प्रमाणात आहे. धुऊन झाल्यावर तो उन्हात नाही, सावलीत पूर्ण वाळू द्या, प्रत्येक घडीवर तेलाची एकच बारीक रेघ ओढा, वीस-पंचवीस मिनिटं मुरू द्या, पांढरे राहिलेले डाग तेवढे भरा. 'जरा जास्त घातलं तर काय होतंय' असं म्हणून तेल चोपडलं तर ते उडून मास एअर फ्लोच्या तारेवर बसतं, आणि गाडी आयडलिंगला हेलकावे खायला लागते. तसं झालंच तर त्या सेन्सरसाठी मिळणारा खास स्प्रेच वापरा. कार्ब क्लीनर नाही, फडकं नाही, कानातली काडी तर मुळीच नाही.

माझं मत: ऊस वाहणारे रस्ते, खडी क्रशरचा शेजार, शेतातली वाट असं तुमचं रोजचं जाणं असेल तर कागदीच ठेवा आणि लवकर बदला. धूळ अडवण्यात चांगला कागद भरवशाचा असतो, आणि धुण्यात चूक होण्याचा प्रश्नच येत नाही.

पायरी ५: पुढची नळी

माझ्या गाडीत खरा अडथळा इथे होता: तोंड चपटं, कड धारदार, आणि आत एक काटकोनाचा वळसा. धारदार कडेवरून हवा आत वळताना फाटते, आणि नळीचं उपयोगी तोंड आहे त्याहून लहान होतं. उपाय सनईच्या तोंडात आहे. नळीचं टोक बाहेरच्या बाजूला गोल पसरत गेलं की हवा न फाटता आत शिरते. मी प्लॅस्टिकचं नरसाळं कापून, त्याची कड हीट गननं वळवून असं तोंड केलं. पहिली तीन जळली.

नळीसाठी काय वापरायचं? बाथरूमचा पांढरा पीव्हीसी पाइप बॉनेटखाली मऊ पडून वाकतो. किचनच्या चिमणीचा ॲल्युमिनियमचा आकुंचन पावणारा पाइप दिसायला सोयीचा, पण त्याच्या आतल्या वळ्या हवेला खरडतात आणि हादऱ्यांनी तो चिरतो. ट्रक-टेम्पोच्या स्पेअरच्या दुकानात ६० मिलीमीटरचा जाड रबरी किंवा सिलिकॉन होज मिळतो, तो घ्या. वळण लागलंच तर एकच आणि मोठ्या गोलाईचं. तोंड मूळ जागीच, ग्रिलमागे, रेडिएटरच्या पंख्याच्या झोतापासून दूर. डब्याच्या मूळ तोंडावर होज ओढून बसवा, क्लॅम्प पिळा. प्लॅस्टिक चेपायला लागण्याआधी थांबा. दुसरं टोक ब्रॅकेटला बांधा, नुसतं लोंबकळत ठेवू नका. पंख्याच्या पात्यापासून चार बोटं अंतर.

हे झाल्यावर धुळीच्या बाजूचा आकडा ११ वरून ६ वर आला. नवा फिल्टर धरून एकूण १७ चे ९. ताकदीत पाऊण टक्का, अर्ध्या पीएसच्या वर थोडी. बायकोला फरक कळला नाही. मला कळतो असं मी म्हणतो.

पायरी ६: उष्णतेला आडोसा

यातून जास्त मिळतं. ओबीडीवर इनटेक तापमान लावून वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये फिरा, बाहेरच्या तापमानाशी फरक लिहून ठेवा. मग डबा आणि इंजिनाची गरम बाजू यांच्यामध्ये पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा उभा करा. आधी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यांचा साचा करा, बॉनेट लावून बघा, दहादा कापा. मग पत्र्यावर घाव घाला. कडांना दाराचं रबरी बीडिंग. पत्रा बॅटरीच्या टर्मिनलच्या जवळपास येऊ देऊ नका, आणि ब्रेक फ्लुइडची टाकी झाकली जाता कामा नये.

माझ्याकडे गर्दीत फरक सात-आठ अंशांनी कमी झाला. गाडी उभी असताना सेन्सरही तापलेल्या धातूत बसलेला असतो, त्यामुळे तेव्हाचा आकडा फुगलेला दिसतो. वाचन सुटून अर्धा किलोमीटर गेल्यावर घ्या.

पायरी ७: ईसीयूला काय वाटतंय

सगळे क्लॅम्प एकदा हातानं हलवून बघा, ब्रीदरची नळी परत लावलीय ना बघा. ही नळी विसरणं ही नवख्यांची ठरलेली चूक. तिथून न गाळलेली हवा थेट आत जाते. इंजिन गरम झाल्यावर रीडरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय तो आकडा. आधीचा आकडा लिहून ठेवला असेल तर उत्तम. अधिक-उणे पाच टक्क्यांत असेल तर निवांत राहा. अधिक दहाच्या पुढे जात असेल तर ईसीयू पेट्रोल वाढवून कशाची तरी भरपाई करतोय, बहुधा गळतीची. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागून रीडरवर पी०१७१ हा कोड आला तर मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, गळती शोधा. पी०११३ म्हणजे बहुतेक वेळा इनटेक तापमानाचा प्लग लावायचा राहिलाय. कोड पुसून टाकणं ही दुरुस्ती नाही.

पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा तेच पांढरं फडकं, स्वच्छ बाजूला, होजच्या आतपर्यंत. डाग आला तर सगळं मूळ करा आणि मग शोधा.

पावसाळ्याआधी

परदेशी व्हिडिओंमध्ये थंड हवेसाठी फिल्टर बंपरच्या आत, चाकाशेजारी नेतात. आपल्याकडे ते करू नका, विषय संपला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना आठवतं. पण इंजिन मारायला एवढा पाऊस लागत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात ११९७ सी.सी.चे चार भाग केले की एका सिलिंडरला ३०० सी.सी. येतात. कॉम्प्रेशन ११ ला १ धरलं तर पिस्टन वर पोचतो तेव्हा उरलेली जागा ३० मिलीलिटर. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. खोकल्याच्या औषधाची दोन झाकणं भरून पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर जायला जागा नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आपल्या लेव्हल नळीतही साधारण त्याच्या निम्मं पाणी असतं. मधली बाटली त्यासाठी. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्शनचं जोडकलम वेगळं घ्यावं लागतं.

टेप घ्या आणि जमिनीपासून हवेच्या तोंडाची उंची मोजा. बदलाआधी आणि नंतर. नवी उंची जुनीपेक्षा एक सेंटीमीटरही कमी नको. डब्याच्या तळाशी पाणी निथळायचं छोटं भोक असतं, ते एम-सीलच्या उत्साहात बुजवलं नाही ना बघा.

आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडलीच, तर चावी फिरवू नका. 'एकदा मारून बघू' यातच रॉड जातो. ढकलून बाजूला घ्या, टो करून न्या. गॅरेजात स्पार्क प्लग काढून मग इंजिन फिरवतात, पाणी असेल तर भोकांतून कारंजासारखं उडतं.